श्रद्धेइतकीच पंचनाम्याची भाषा

आत्महत्येपूर्वीच्या शेवटच्या चिठ्ठीतली भाषा श्रद्धेतून येते, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. 'पुढच्या जन्मी भेटू' श्रद्धेतलं, मान्य. पण 'माझ्या मृत्यूस कोणाला जबाबदार धरू नये'? ही पंचनाम्याची भाषा. मागे राहणाऱ्यांवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा येईल ही धास्ती; पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आता भारतीय न्याय संहितेचं १०८.

कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मकायद्याच्या संहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्यांना धर्मविधीने दफन नव्हतं, १९८३च्या संहितेत ती बंदी उरली नाही. शब्दांतली भीती इतक्या लवकर जात नाही. फोंड्याची माझी आजी दार लोटून, आवाज उतरवून 'जीव दिला' एवढंच म्हणायची. 'हत्या' तोंडी आणायची नाही.

घरात कुणी 'माझा भार नको तुम्हांला' म्हणालं, तर कृपया तिथेच बसा, विचारा. १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.