सहावीच्या मुलांना जंगल शिकवायचंय, नुसती सहल नकोय

खडूफळा:
नमस्कार मंडळी, सहावीला विज्ञान शिकवते. यावेळी जंगलात अर्धा दिवस न्यायची परवानगी मिळालीये. टेन्शन एकच, सहलीनंतर लिहायला सांगितलं की सगळ्या वह्यांत तेच ते, "झाडे आपल्याला ऑक्सिजन देतात, आम्हाला खूप मजा आली", म्हणजे न जाताही हेच लिहिलं असतं ना! तर तिथे नेमकं काय करून घ्यायचं आणि वर्गात आधी-नंतर काय घ्यायचं? झाडांची नावं आधी पाठ करून घेऊ का?

पानगळ:
नावं पाठ अजिबात नको, नाव कळलं की मुलं बघायचं थांबतात, टिक मारली की पुढचं झाड. त्यापेक्षा चार-पाच जणांचे ग्रुप करा, प्रत्येकाला दोरीने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून द्या आणि वीस मिनिटं तिथून हलायचं नाही म्हणून सांगा. वाळलेला पाचोळा थराथराने बाजूला करायचा, काडीने हं, हाताने नाही, खाली विंचू-बिंचू असू शकतो. वरचं पान अख्खं असतं, त्याखालचं भोकं पडलेलं, मग नुसती शिरांची जाळी उरलेली, मग चुरा, मग काळी भुसभुशीत माती आणि मधेमधे बुरशीचे पांढरे धागे. पुस्तकात 'विघटन' म्हणून जे दोन ओळीत उरकतात ते इथे बोटभर खोलीत क्रमाने मांडून ठेवलेलं असतं. प्रत्येक थरातला एकेक नमुना वहीत चिकटवायचा, निबंध लिहायची गरजच नाही. आणि उचललेला दगड-ओंडका परत जसाच्या तसा ठेवायचा, त्याखाली कोणीतरी राहतं.

आडवाट:
पानगळ, चौकोन भारी पण नावांबद्दल असहमत. नाव नसेल तर मुलं एकमेकांशी बोलणार कशी, "ते झाड, ते नाही रे, ते तिकडचं"? आधी साल, पान, वास बघून त्यांनीच नाव ठेवू देत, खडबड्या, चिकट्या काहीही, खरं नाव वर्गात येऊन शोधायचं, मग ते डोक्यात राहतं.
अजून एक करा ताई, पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही तोंडं कापलेला (कडा घासून घ्या नाहीतर बोटं कापतील), जंगलातल्या मातीत थोडा रोवा, लोटाभर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या टायमरवर बघा. मग शाळेत येऊन तेवढंच पाणी मैदानावर. मैदान पायाखाली दाबलेलं असतं त्यामुळे पाणी बराच वेळ तसंच साचून राहतं, जंगलात मात्र मुळं, गांडुळांची बिळं, कुजलेला पाला यामुळे पटकन खाली जातं. पूर का येतो, उन्हाळ्यात झऱ्याला पाणी कुठून येतं ही सगळी चर्चा या दोन आकड्यांवर होते, आणि आकडे त्यांचे स्वतःचे असल्यामुळे भांडतात पण जोरात 😄

वाकडी_फांदी:
जायच्या आधी वर्गात फक्त एक प्रश्न टाका: एवढ्या मोठ्या झाडाचं वजन येतं कुठून? बहुतेक सगळे म्हणणार मातीतून. मग व्हॅन हेल्माँट नावाच्या जुन्या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगा, 1648 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापून आलेला. कुंडीत 200 पौंड कोरडी माती, त्यात 5 पौंडाचं विलोचं रोप, 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं 169 पौंड, माती कमी झाली जेमतेम 2 औंस! तो म्हणाला म्हणजे सगळं पाण्यातून आलं. इथे थांबायचं, उत्तर द्यायचं नाही, चुकलं कुठे ते पोरांनाच शोधू द्या. लाकडाच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो हे परत आल्यावर सांगा. झाडाला मिठी मारून जमिनीपासून 1.3 मीटरवर घेर मोजून आलेल्या पोराला "हे हवेतून?" असा जो धक्का बसतो तो आधी सांगितलं तर बसत नाही.

खडूफळा:
वा, खूप मिळालं! डबा आणि वजनाचा प्रश्न नक्की घेते. थोडा पाचोळा वर्गात आणून त्यातले जीव बघता येतील का? आमच्याकडे साधी भिंगं आहेत फक्त.

पानगळ:
येतील की. प्लास्टिकची बाटली कापायची, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा ठेवायचा, तोंडाशी जाळी, वर पाचोळा, खाली ओला कापूस आणि खालच्या भागाला काळा कागद गुंडाळायचा. वरून दिवा लावला की पाचोळा वाळत जातो आणि उजेड-उष्णता टाळायला जीव खाली उतरतात. उड्या मारणारे पिटुकले स्प्रिंगटेल आणि माइट्स (कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव) भिंगातून दिसतात. बघून झाले की जिथून आणले तिथे परत.

खडूफळा:
दिवा एलईडी चालेल?

पानगळ:
एलईडीची ऊब फार नसते हो, जुना पिवळा बल्ब असेल तर बघा. नसेल तर खिडकीत कोवळ्या उन्हात ठेवा आणि एखाद-दोन दिवस जास्त द्या. पाचोळ्याचा थर मात्र पातळच ठेवा.