'एएम4 मेलं' म्हणण्याआधी कॅबिनेट उघडून बघा

जुनाबोर्ड

काल इथे एकाने साधा प्रश्न विचारला होता. मशीन म्हणजे रायझन 5 2600 प्रोसेसर, बी450 बोर्ड, 8 जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स 1050 टीआय ग्राफिक कार्ड, आणि विंडोज अजून हार्ड डिस्कवर. पैसे बेताचे आहेत, आधी काय बदलू, एवढंच विचारलं होतं. त्यावर फ्रेमरेट यांचं उत्तर: "एएम4 मेलं. त्यात एक पैसाही घालू नका. सगळं विका आणि एएम5 वर या." खाली अंगठ्यांची रांग. मला ते वाचून राग आला, तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

एएम4 हे एएमडीच्या प्रोसेसरांचं बोर्डावरचं जुनं सॉकेट, एएम5 नवं. एएम5 वर या म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम घ्या. एएम4 ची डीडीआर4 प्रकारची रॅम तिथे बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. आणि रॅम घ्यायला हीच वेळ सापडली? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासून भाव कुठे गेलेत ते सगळे बघतायत. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. अशा काळात ज्याच्याकडे चालू डीडीआर4 आहे त्याला ती विकायला लावायची, आणि तीही ज्याने आधीच "पैसे बेताचे" म्हटलंय त्याला!

त्या मशीनला पहिली गरज एसएसडीची, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या जलद डिस्कची. साध्या साटा एसएसडीने, सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास, मशीन ओळखू येणार नाही इतकं बदलतं. दुसरी गरज रॅमच्या दुसऱ्या स्टिकची. एकच स्टिक म्हणजे एकच चॅनल, प्रोसेसरला मेमरीचा रस्ता निम्मा. तिसऱ्या नंबरवर प्रोसेसर, आणि तोही त्याच बोर्डावर: रायझन 5 5600, 2022 चा, 32 एमबी एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी. नावं सारखी दिसतात म्हणून 5500 किंवा 5600जी उचलू नका, त्यांत कॅश निम्मी, 16 एमबी. आणि बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचं. आधी 2600 काढला की पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते, आणि लोक चांगला बोर्ड खराब समजून परत करायला निघतात.

फ्रेमरेट

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतो. मेलं म्हणजे चालत नाही असं मी म्हटलेलं नाही. मेलं म्हणजे पुढे रस्ता नाही. 5600 बसवला, ठीक. त्यानंतर काय? एएम5 ला 2027 पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने स्वतः जाहीर केलंय. आज बोर्ड घेतला तर पुढच्या वेळी नुसता प्रोसेसर बदलायचा. एएम4 वर आज घातलेला प्रत्येक पैसा पुढच्या वेळी पुन्हा घालावा लागणार.

बी450 वर कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता जुना, पीसीआयई 3.0 आहे हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. आजची बजेट कार्डं, आरएक्स 6600 घ्या की आरटीएक्स 4060, आठच लेनची आहेत. कार्डाची स्वतःची 8 जीबी मेमरी (व्हीआरॅम) भरली की डेटा त्या अरुंद रस्त्यावरून ये-जा करतो आणि गेम अडखळतो. बरं, 1050 टीआय ठेवायचं म्हणाल, तर त्या पास्कल पिढीच्या कार्डांचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 ला थांबले. आता फक्त सुरक्षा अपडेट, तेही ऑक्टोबर 2028 पर्यंत.

आणि "बोर्ड तोच ठेवा" या सल्ल्याचा मला वैयक्तिक राग आहे. माझ्या धाकट्या भावाला असंच कुणी ज्येष्ठाने सांगितलं, सॉकेट 1151, प्रोसेसरही 1151, बसतो. बसला की! सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा आय5, बरोब्बर बसला. सुरू झाला नाही. इंटेलने सॉकेटचं नाव तेच ठेवून आठव्या पिढीला 300 मालिकेचा चिपसेट लागेल असं केलं होतं. उघडलेला प्रोसेसर दुकानदार परत घेईना. परीक्षेच्या तोंडावर पोरगा महिनाभर मशीनशिवाय बसला. सल्ला देणारा नंतर फिरकला नाही.

जुनाबोर्ड

भावाचं वाईट झालं, पण ते इंटेलचं गाऱ्हाणं एएम4 च्या गळ्यात का? 2022 मध्ये एएमडीने 300 मालिकेच्या बोर्डांनासुद्धा 5000 मालिकेसाठी बायोस द्यायचा मार्ग मोकळा केला. 2017 चा बोर्ड, 2022 चा प्रोसेसर. बोर्डाच्या सपोर्ट यादीत नाव बघायचं, बायोसची आवृत्ती बघायची, मग पैसे द्यायचे. तुमच्या भावालाही कुणी ती यादी दाखवायला हवी होती.

संकलिका

तुम्हा दोघांचं सगळं गेमवर. ज्याने विचारलं तो गेम खेळतो का हे कुणी विचारलं? मी व्हिडिओ संकलन करते. "बजेट पीसी" म्हटलं की लोक डोळे मिटून इंटेलचा 12400एफ सांगतात. त्या एफ मध्ये ग्राफिक नाही, म्हणजे व्हिडिओचं काम हलकं करणारं क्विक सिंक नाही. माझ्यासारखीला साधा 12400 हवा, टाइमलाइन त्याच्यावर सुरळीत सरकते. आणि आरएक्स 6500 एक्सटी कुणी सुचवलं तर त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका. त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही. मैत्रिणीला ते कुणीतरी "रेंडरिंगसाठी मस्त" म्हणून दिलं होतं. एक्सपोर्टला लावून ती झोपायची आणि सकाळी उठली तरी पट्टी सरकतच असायची.

शिवाय तिसरी वाट आहेच. इंटेलच्या एलजीए1700 सॉकेटचे डीडीआर4 वाले बोर्ड मिळतात. बाराव्या पिढीचा प्रोसेसर घ्या, जुनी रॅम तशीच लावा. भांडण तिथेच मिटतं.

पण एक सांगा, इतकं लिहिलंत दोघांनी, एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याचं, नाव एकानेही का काढलं नाही?

सोल्डरगन

धन्यवाद ताई. मी दुरुस्ती करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या "कार्ड उडालं", "बोर्ड गेला" मशीनांमध्ये मी सगळ्यात आधी एसएमपीएसचं झाकण उघडतो. परवाचाच नग सांगतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर मोठ्या अक्षरात 450. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. आत जिथे इनपुट फिल्टरची कॉइल असायला हवी तिथे पट्टीवर जागा छापलेली, आणि कॉइलऐवजी दोन भोकांत वाकडी तार डाकवलेली. आउटपुटचे कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकाच्या बुडातून तपकिरी ओघळ. लेबलवर 12 व्होल्टसमोर 18 अँपिअर. गुणाकार करा: 216 वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही 12 व्होल्टवरच जगतात. उरलेले आकडे 3.3 आणि 5 व्होल्टचे मिळवून 450 केलेत, आणि त्या दोन लायनी आजच्या मशीनला फारशा लागतच नाहीत.

त्यामुळे कुणीही 5600, 6600 सांगण्याआधी एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मागावा.

फ्रेमरेट

हे मान्य, पण आता भीती घालणं सुरू होणार. प्रत्येक वेळी हेच होतं. कुणी साधं कार्ड घ्यायला निघालं की चारजण धावून येतात, 750 वॅट घे, गोल्ड घे. आरएक्स 6600 हे 132 वॅटचं कार्ड आहे. 5600 चा टीडीपी, म्हणजे विजेचा ठरीव आकडा, 65 वॅट. बाकी सगळं धरून चांगला 450 पुरून उरतो. गोल्डच्या नावाखाली लोकांचे कार्डाचे पैसे एसएमपीएसमध्ये जातात.

सोल्डरगन

मी 750 कुठे म्हटलं? दाखवा. मी वॅट म्हटलंच नाही, अँपिअर म्हटलं. आणि गोल्डबद्दल बोललात म्हणून: 80 प्लसचा बिल्ला फक्त कार्यक्षमता सांगतो, भिंतीतून घेतलेल्यातली किती वीज आत पोचते ते. शॉर्ट झाल्यावर बंद पडेल का, व्होल्टेज किती थरथरतं, कॅपॅसिटर 85 डिग्रीचे की 105 चे, यातलं काहीही तो बिल्ला सांगत नाही. ब्राँझ असून उत्तम नग आहेत. तुम्ही माझ्या तोंडी भलतंच घालून मग त्याला उत्तर देताय.

हिशेबी

इतका घोळ कशाला? ऑफिसातून निघालेला ब्रँडेड टॉवर घ्या, आठव्या पिढीचा आय5, म्हणजे विंडोज 11 ची अट पूर्ण. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलाय, हेही कुणी बोललं नाही. त्यात कार्ड टाका, झालं. माझ्या घरी असाच आहे, पोरं त्यावर वाट्टेल ते खेळतात. त्याच्या एसएमपीएसला कार्डाची वायर नव्हती, साटाच्या वायरीवरून सहा पिनचा अडॅप्टर लावला. मस्त चालू आहे.

सोल्डरगन

तो अडॅप्टर आज काढा, आजच. साटाच्या जोडणीत 12 व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. साडेचार अँपिअर, 54 वॅट. सहा पिनच्या सॉकेटमधून कार्ड 75 वॅट ओढू शकतं. जास्तीच्या प्रवाहाने त्या पिना तापतात आणि भोवतीचं प्लास्टिक वितळतं. वितळून काळ्या पडलेल्या अशा जोडण्या मी हाताने सोडवल्यात. पोरं त्या मशीनपुढे बसतात म्हणताय, म्हणून इतकं कडक लिहितोय.

हिशेबी

इतके दिवस काही झालं नाही. दुरुस्तीवाल्याला सगळं बिघडलेलंच दिसतं, कारण चांगलं चाललेलं मशीन त्याच्याकडे जातच नाही.

सोल्डरगन

तुमचा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे बिघडलेलीच येतात. वायरचं गणित त्याने बदलत नाही. ऑफिस टॉवरच ठेवायचा असेल तर 6 जीबीचं आरटीएक्स 3050 बघा, 70 वॅटचं, स्लॉटवरच चालतं, वेगळी वायर लागत नाही. आणि त्या टॉवरचा एसएमपीएस बदलू म्हणाल तर आधी बोर्डावरची मुख्य जोडणी बघा. पुष्कळ ब्रँडेड मशीनांत ती नेहमीची 24 पिनची नसते.

संकलिका

हिशेबी, वाद राहू द्या, पण तो अडॅप्टर खरंच काढा हो.

जुनाबोर्ड

मंडळी, धागा कुठून कुठे गेला. एसएमपीएसवर स्वतंत्र धागा काढा, मीही येईन. ज्याच्यासाठी हे चाललंय तो वाचतोय का?

पहिलाच_पीसी

वाचतोय सगळं. काल रात्री टास्क मॅनेजर उघडून बसलो. मशीन सुरू केल्यावर डिस्क बराच वेळ शंभर टक्क्यांवर. ब्राउझर आणि हिशेबाच्या शीट उघडल्या की रॅम नव्वदच्या पुढे. प्रोसेसर मात्र पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही. काम म्हणजे शीट, थोडं फोटोंचं संपादन, आणि संध्याकाळी एक गेम, तोही जुना. एसएमपीएसवर 12 व्होल्टसमोर 20 अँपिअर लिहिलंय. विंडोज 11 चालेल ना यावर?

जुनाबोर्ड

चालेल, 2600 यादीत आहे. बायोसमध्ये एफटीपीएम चालू करा, विंडोज 11 ला लागणारी ती सुरक्षेची सोय आहे. आणि फ्रेमरेट, हे आकडे बघा. प्रोसेसर निम्मा रिकामा बसलाय, आणि तुम्ही त्याला प्रोसेसर, बोर्ड, रॅम विकायला सांगत होतात.

फ्रेमरेट

या माणसाच्या कामासाठी एसएसडी आणि रॅम आधी, ठीक आहे, घ्या. पण मग तुमचा 5600 सुद्धा त्याला लागत नाही, तेही लिहा. चाळीस टक्क्यांवर बसलेल्याला नवा प्रोसेसर कशाला? ते पैसे बाजूला ठेवले तर एक दिवस एएम5 च येईल.

जुनाबोर्ड

आज लागत नाही, कबूल. मीही तो तिसऱ्या नंबरवरच ठेवला होता. गेम बदलला तर लागेल, आणि तेव्हाही बोर्ड तोच राहील.

पहिलाच_पीसी, दुसरी स्टिक शक्यतो पहिलीसारखीच बघा, तेवढीच क्षमता, तोच वेग. पाकिटावर 3200 असलं तरी 2600 अधिकृतपणे 2933 पर्यंतच जातो, तेव्हा बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे पाकिटावरचा वेग देणारी सेटिंग, लावून मशीन अडखळलं तर वेग 2933 वर आणा. चार खाचा असतील तर स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, शेजारी शेजारी नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं.

पहिलाच_पीसी

आणि एसएसडी वायरीने जोडायची साटा की थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई? बोर्डावर तिच्यासाठीची एम.2 ची एक जागा दिसतेय.

संकलिका

भावात फार फरक नसेल तर एनव्हीएमई. तुमच्या बोर्डावर साडेतीन हजार एमबीपर्यंत वेग मिळेल. कामात साटाच्या मानाने तेवढा फरक जाणवणार नाही, पण वायरी कमी होतात आणि पुढच्या मशीनलाही तीच नेता येते. फक्त पुस्तिकेत बघा, काही बोर्डांवर एम.2 भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. हार्ड डिस्क नेमकी त्याच पोर्टवर असेल तर ती दिसेनाशी होईल आणि तुम्ही घाबराल.

सोल्डरगन

20 अँपिअर म्हणजे 240 वॅट. आहे त्या मशीनला, 1050 टीआयसकट, हरकत नाही, नग बरा असेल तर. कार्ड बदलायचा विचार आला की मात्र आधी एसएमपीएस.

फ्रेमरेट

चांगला 450. साडेसातशे नाही.

सोल्डरगन

चांगला 450. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय, तुम्ही वाचलं नाहीत.