काजूबागेभोवती जाळरेषा किती रुंद?

प्रश्न: रत्नागिरीकडे सड्यावर (कातळाच्या पठारावर) दोन एकर काजू आहे. गवत कमरेइतकं, पार वाळलेलं. वणव्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, किती रुंद काढू?

उत्तर: किमान 15 फूट. उताराच्या खालच्या अंगाला 25, कारण आग चढावर झपाट्याने धावते. गवत कापून तिथेच टाकू नका. पातेराही (पडलेला सुका पाला) ओढून माती उघडी करा. रेषा जाळायचीच तर पहाटे दवात, चार माणसं आणि पाण्याने भरलेली पिंपं हाताशी ठेवून. दुपारी खारा वारा सुटला की आग आवरत नाही.

उत्तर: खोडाजवळचं आच्छादन 3 फूट मागे सरकवा. नुसत्या धगीनेही साल भाजते.

उत्तर: विझवताना ऐनाचा हिरवा टहाळा आगीवर दाबून ओढा. आपटलात तर ठिणग्या पुढच्या गवतात जातात. आगीच्या समोरून कधीच जाऊ नका!