मदत हवी आहे: लेकीच्या जेवणाला वेळच नाही

लेक १४ वर्षांची, नववीत. लहानपणी चार घासांसाठी तासभर मागे पळायचे, शेवटी दूध-बिस्किटांवर भागायचं. सासूबाई म्हणायच्या, "मोठी झाली की खाईल." कसलं काय! आता सातची शाळा उपाशीपोटी, डब्यातली पोळी-भेंडी तशीच परत, क्लासच्या वाटेवर वडापाव आणि रात्री साडेअकराला मॅगी. (आम्हीच दहाला जेवतो, हेही कबूल.)

मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ आलं, या वयात निदान १२ हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, पण रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून त्याही टाळते.

रागावून झालं, लाडीगोडी झाली. कुणाच्या मुलांची अशी सवय मोडली का? पहाटे सव्वासहाला घशाखाली उतरेल असं काय देता? आहारतज्ज्ञांकडे न्यावं, की आधी घरातलंच जेवण आठला आणावं?