रिकॉम्बिनंट मानवी आयएल-2 चा प्रभाव महिन्याभरात का ओसरला?

प्रश्न
नमस्कार. नागपुरातील एका प्रयोगशाळेत मी मानवी रक्तातील टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढवते. पीएचए (पेशींना विभाजनास प्रवृत्त करणारे वनस्पतिजन्य प्रथिन) देऊन पेशी उत्तेजित केल्यावर ई. कोलाय जीवाणूंत तयार केलेले मानवी इंटरल्यूकिन-2 (आयएल-2, टी पेशींना वाढायला लावणारे प्रथिन) मिलिलिटरला 100 आंतरराष्ट्रीय एकके या मात्रेत घालते. एप्रिलमध्ये वाढ उत्तम होती. मे महिन्यात तीच मात्रा देऊनही पेशी मरू लागल्या. 10 मायक्रोग्रॅमची भुकटी मी 1 मिलिलिटर साध्या पीबीएसमध्ये (क्षारयुक्त बफर द्रावणात) विरघळवली होती आणि तीच नळी उणे 20 अंशांवर ठेवून दर वेळी वितळवत होते. मेमध्ये येथे पारा 45 अंशांवर गेला, दोनदा वीजही गेली. दोष उन्हाळ्याचा की माझ्या पद्धतीचा? नवी व्हायल मागवणे आम्हाला सहज परवडणारे नाही.

उत्तर 1
उन्हाळ्याचा वाटा असेलही, पण मुख्य कारण मला पद्धतीतच दिसते. हे प्रथिन जलविरोधी स्वभावाचे आहे. इतक्या विरळ द्रावणात, सोबत वाहक प्रथिन नसताना, ते नळीच्या भिंतीला चिकटते आणि दर गोठण-वितळणीत त्याचे आणखी गुठळे होतात. त्याच्या 133 अमिनो आम्लांत तीन सिस्टीन आहेत. 58 आणि 105 क्रमांकांचे एकमेकांशी जोडलेले असतात, तर 125 वे मोकळे राहते आणि चुकीच्या जोड्या जुळवू शकते. म्हणूनच औषधी आयएल-2 मध्ये तेथे सेरीन हे दुसरे अमिनो आम्ल बसवलेले असते. पुढच्या वेळी व्हायल उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूज करा, माहितीपत्रकात सांगितलेल्या द्रवातच (पुष्कळदा ते सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल असते) भुकटी विरघळवा, वाहक प्रथिन म्हणून 0.1 टक्के अल्ब्युमिन घाला आणि एकेका प्रयोगापुरते भाग करून उणे 80 अंशांवर ठेवा. वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

उत्तर 2
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. तरीही ताई, पेशींकडेही पाहा. आयएल-2 पेशीवर ज्याला जोडले जाते त्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) सीडी25 हा भाग उत्तेजनानंतर पेशीवर वाढतो आणि काही दिवसांनी ओसरतो, त्यामुळे मेमधील पेशी नीट उत्तेजित झाल्या नसतील, तर ताजे आयएल-2 सुद्धा फारसे उपयोगी पडणार नाही. एकाच रक्तदात्याच्या, एकाच दिवशी उत्तेजित केलेल्या पेशींना जुने आणि कोणाकडून तरी मागून आणलेले ताजे आयएल-2 शेजारी-शेजारी द्या. मात्रा मात्र एककांतच जुळवा. औषधी प्रमाणानुसार 1.1 मिलिग्रॅम म्हणजे 1.8 कोटी एकके, म्हणजे तुमची 100 एकके साधारण 6 नॅनोग्रॅम होतात. पण दुसऱ्या उत्पादनाची एकके वेगळी असू शकतात.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. शेजारच्या प्रयोगशाळेतून थोडे आयएल-2 मागून तुलना केली. त्याच पेशी ताज्या आयएल-2 वर चौथ्या दिवशी गुच्छ करून वाढत होत्या, माझ्या नळीतील द्रावणावर मात्र विरळ राहिल्या. नवी व्हायल आली की अल्ब्युमिनसह लहान भाग करून ठेवीन.