ओटीजी सोडून कन्व्हेक्शन रिफ्लो ओव्हन घ्यावा का? मोठ्या इंडक्टरखाली पेस्ट वितळतच नाही

कुपवाडचा_स्टार्टर
नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत शेतीपंपाच्या मोबाईल स्टार्टरचे कंट्रोल बोर्ड बनवतो, महिन्याला शंभर-सव्वाशे. आधी सगळं हाताने करायचो, आता दीड वर्ष झालं घरगुती ओटीजीला (बेकिंगच्या छोट्या ओव्हनला) पीआयडी कंट्रोलर (तापमान धरून ठेवणारा) आणि एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून त्यात बोर्ड रिफ्लो करतोय, म्हणजे सोल्डर पेस्ट वितळवून पार्ट जोडतोय. पेस्ट एसएसी३०५ (बिनशिशाची), बोर्ड डबल साइड, १०० बाय १२० मिमी. त्रास असा की पॉवर सेक्शनमधल्या मोठ्या इंडक्टरखाली (तारेच्या कॉइलचा जड पार्ट) पेस्ट दाणेदार राहते, आणि तिच्यासाठी वेळ वाढवला की कडेला बोर्ड पिवळा पडतो, कनेक्टरचं प्लास्टिक वाकतं, त्यात ०६०३ साईजचे दोन-चार बारके रेझिस्टर उभे राहतात ते वेगळंच. कंट्रोलर तर २४५ दाखवतो! परवा २५ पैकी ६ बोर्ड परत हाताने करावे लागले, आणि संध्याकाळच्या बॅचला हे जास्त होतं. ऐन पाण्याच्या पाळीला शेतकऱ्याचा स्टार्टर बंद पडला तर त्याचं पीक जातं, म्हणून जीवाला लागतं. टेबलावरचा छोटा कन्व्हेक्शन ओव्हन घेतला तर हे सुटेल का?

भोसरी_लाईन
दादा, आधी हे सांगा की २४५ मोजताय कुठे? कंट्रोलरचा सेन्सर हवेत लटकतोय ना, मग ते हवेचं तापमान झालं, बोर्डाचं नाही. एक भंगार बोर्ड घ्या, बारीक तारेचे के टाईप थर्मोकपल (तापमान मोजायचे सेन्सर) तीन ठिकाणी लावा, इंडक्टरच्या पॅडवर (पार्ट सोल्डर होतो त्या कॉपरवर), एका ०६०३ वर आणि कडेला. नुसत्या कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी पिवळी टेप) टोक गरम झालं की उचललं जातं, हाय टेंपरेचर सोल्डरने डागा नाहीतर ॲल्युमिनियम टेप लावा. एसएसी३०५ वितळायला लागते २१७ ला, सगळ्यात थंड पॅडला २३५ तरी मिळायला पाहिजे आणि २१७ च्या वर साधारण ४५ ते ९० सेकंद.

आता मूळ मुद्दा. ओटीजीत उष्णता येते ती मुख्यतः रॉडच्या रेडिएशनने, म्हणजे रॉडच्या समोर जे आहे ते तापतं, काळी बॉडी जास्त ओढते, चकचकीत कमी, आणि उंच पार्टच्या सावलीतलं थंड राहतं. कन्व्हेक्शनमध्ये गरम हवा जोरात फिरते, बारका पार्ट हवेइतका तापला की तिथेच थांबतो, त्याच्या पुढे जायला त्याला उष्णताच मिळत नाही, तोवर इंडक्टर मागून येऊन गाठतो. सगळा फायदा ह्यातच आहे. लाईनवर गरम आणि थंड पॅडमधला फरक १० डिग्रीच्या आत आणल्याशिवाय आम्ही प्रोफाईल (कोणत्या वेळी किती तापमान तो आराखडा) पासच करत नाही.

रिफ्लो_ताई
वरच्या दादांशी सहमत. रेझिस्टर उभे राहतात कारण एका टोकाची पेस्ट आधी वितळते आणि ओढून उभं करते. त्या पार्टचं एक पॅड थेट ग्राउंडच्या मोठ्या कॉपरला जोडलंय का बघा, असेल तर पुढच्या रिव्हिजनला थर्मल रिलीफ द्या (पॅड कॉपरला बारीक पट्ट्यांनीच जोडा), ओव्हन कितीही भारी घेतला तरी हे लेआउटमध्येच सुटतं. आणि चढ सावकाश ठेवा, सेकंदाला १ ते २ डिग्री, मग १५० ते २०० च्या मध्ये ६०-९० सेकंद.

पेस्ट फ्रिजमधून काढली की डबा बंदच ठेवून ३-४ तास बाहेर राहू द्या. पावसाळ्यात गार डबा उघडला की आत दव धरतं आणि मग बोर्डभर सोल्डरचे बारीक गोळे.

जुना_वायरमन
संध्याकाळी व्होल्टेज किती येतं तुमच्याकडे? २३० चं २०० झालं की हीटरची पॉवर वर्गाच्या हिशोबाने पडते, म्हणजे जवळजवळ पाव भाग गेली. मग चढ रखडतो, पेस्टमधला फ्लक्स (धातूवरचा गंज साफ करणारा पदार्थ) सोल्डर वितळायच्या आधीच संपून जातो आणि दाणेदारपणा येतो. नवीन ओव्हन घेतलात तरी त्याला स्वतंत्र १६ अँपियरची लाईन ओढा. नाहीतर सरळ शिशाची पेस्ट वापरा की, १८३ ला वितळते, प्लास्टिकही वाचेल.

रिफ्लो_ताई
काका, ते त्यांचं गिऱ्हाईक लेड फ्री मागत नसेल तरच. आणि १३८ वाली बिस्मथची पेस्ट कोणी सुचवू नका, स्टार्टरचा डबा उन्हात तापतो आणि तो जॉइंट ठिसूळ असतो.

कुपवाडचा_स्टार्टर
लेड फ्रीच लागतं ताई, ऑर्डरमध्ये लिहिलंय. काल थर्मोकपल लावून बघितलं. कंट्रोलरवर २४५ असताना ०६०३ ला २४८, कडेला रॉडजवळ २६२ आणि इंडक्टरच्या पॅडला फक्त २१४! दीड वर्ष मी पेस्टलाच दोष देत होतो. संध्याकाळी सातला व्होल्टेज २०४ होतं, तेही बरोबर निघालं काका. आता फायनल बॅचेस दुपारी घेतोय.

भोसरी_लाईन
मग आता ओव्हन घ्याच, पण नाव बघून नको. ड्रॉवरवाल्या स्वस्तातल्या बऱ्याच मशीन नुसत्या इन्फ्रारेड असतात, आत जुजबी पंखा असतो आणि जाहिरातीत कन्व्हेक्शन लिहितात. ब्लोअर कुठे आहे, हवा बोर्डावर कशी पडते ते उघडून दाखवायला सांगा. आणि ओटीजी परत स्वयंपाकघरात नेऊ नका हां, धूर बाहेर काढायला एक्झॉस्टही लावा.

कुपवाडचा_स्टार्टर
नाही नेणार. तारा लावलेला तोच बोर्ड पिशवीत घालून सोमवारी पुण्याला डेमोला निघालोय, त्यांच्या ओव्हनमध्ये माझ्यासमोर इंडक्टरखाली २३५ आणि कडेला २५० च्या आत दाखवलं तरच ॲडव्हान्स देणार. आकडे इथे टाकतो.