आमदारांची मासिक वार्ता मी लिहिते. त्यात तुम्हाला काय वाचायला हवं?

संपर्क कार्यालयातली:

नमस्कार. कोकणातल्या एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी तीन वर्षं काम करते. आलेल्या माणसाचा अर्ज लिहून देणं, तहसीलला फोन लावणं, शिफारसपत्रं टाइप करणं आणि दर महिन्याच्या १ तारखेला मतदारसंघाची वार्ता काढणं, ही माझी कामं. वार्ता म्हणजे दोन पानांची पीडीएफ. ती वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांना जाते, आणि पन्नासेक प्रती छापून एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे ठेवतो.

मी ती मनापासून लिहिते. रस्त्याचं भूमिपूजन, शाळेच्या खोलीचं लोकार्पण, डोळे तपासणी शिबिर, दहावीच्या मुलांचा सत्कार, भजनी मंडळाला दिलेली पेटी, अधिवेशनात मांडलेले प्रश्न. उपस्थितांच्या नावांतच अर्धं पान जातं, कारण एखादं राहिलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो.

गेल्या महिन्यात एका वाडीत शिबिराचे फोटो काढायला गेले होते. रांगेतल्या एका आजींच्या हातात वार्तेची छापील प्रत होती, चार घड्या घातलेली, आत पासबुक ठेवलेलं. नातवाने वाचून दाखवली म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग त्यांनी पासबुक उघडलं, शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "गो बाय, बरा लिवलंस. पण माजे निराधाराचे पैशे खंय गेले, ता ह्येच्यात खंय आसा?" (योजना वृद्धांना दरमहा पैसे देणारी श्रावणबाळ, पण आमच्याकडे सगळ्यालाच निराधार म्हणतात.) शेवटची जमा पाच महिन्यांपूर्वीची होती. महिन्याचे १५०० रुपये, आणि गोळ्या, चहा-साखर सगळं त्यावरच.

चौकशी केली तेव्हा कळलं की पैसे थांबलेच नव्हते. आजींनी फार पूर्वी दुसऱ्या बँकेत जनधनचं खातं उघडलं होतं आणि आधार त्या खात्याला जोडलं गेलं होतं. पाचही महिन्यांचे पैसे तिथे पडून होते. आजी मात्र दर महिन्याला रिक्षाचे पैसे मोडून जुन्या बँकेत जायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या. त्याच पाच महिन्यांत मी पाच वार्ता काढल्या. एकीतही याबद्दल ओळ नव्हती, कारण मला ती बातमीच वाटली नव्हती. हे मला फार लागलंय.

आता वार्ता नव्याने मांडायची आहे. साहेब म्हणाले, कर, पण कामं दिसली पाहिजेत. माझे प्रश्न दोन. एक, तुमच्या आमदारांकडून असं पान आलं तर तुम्ही त्यात काय शोधाल? दुसरा प्रश्न 'मंजूर' या शब्दाचा. कार्यकर्त्यांचा आग्रह असतो की 'काम मंजूर' असंच लिहायचं. पण नुसतं पत्र दिलं तरी मंजूर आणि ठेकेदार लागला तरी मंजूर. एका वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मंजूर झाला असं मी गेल्या वर्षी लिहिलं. तिथली मुलं या पावसातही पोफळीच्या ओंडक्यांवरूनच शाळेत गेली.

जुना ग्रामसेवक:

ताई, ३१ वर्षं ग्रामसेवक होतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. 'मंजूर' हा शब्द वार्तेतून काढूनच टाका आणि त्या जागी टप्पा लिहा. आमदारांनी पत्र दिलं ती झाली मागणी. मग कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक करतो. त्यावर प्रशासकीय मान्यता, जिला आम्ही प्रमा म्हणायचो. आमदार निधीतलं काम असेल तर ती जिल्हा नियोजन कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. पुढे तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश, म्हणजेच वर्क ऑर्डर. हा आदेश हातात आला की काम सुरू होणार असं धरायला हरकत नाही, आणि काम पुरं करायची मुदतही त्यातच असते. लोकांना हे टप्पे कळत नाहीत असं समजू नका. ग्रामसभेत सातवी शिकलेला माणूस मला विचारायचा, "भाऊसाहेब, वर्क ऑर्डर झाली काय?"

दुसरं, पैसा कुठल्या हेडखालचा, म्हणजे कुठल्या निधीतला, ते लिहा. लोकांना वाटतं सगळं आमदार निधीतूनच होतं. २०२२ च्या अर्थसंकल्पात हा निधी ४ कोटींवरून ५ कोटी झाला. मतदारसंघात १०० गावं धरली तरी गावाला वर्षाचे ५ लाख येतात. त्यात मोठा रस्ता कसा बसणार? बाकीचं काम जिल्हा वार्षिक योजनेतून, ग्रामविकास खात्याच्या २५१५ नावाच्या हेडमधून, नाहीतर बांधकाम खात्याकडून येतं. हेड कळलं की कुठल्या टेबलावर जाऊन विचारायचं ते कळतं.

तुमच्या साकवावरून माझ्या गावातलं सांगतो. आमच्याकडेही साकवाचं भूमिपूजन झालं, कोनशिला बसली. दोन पावसाळे गेले, दगडावर शेवाळ चढलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बायका उभ्या राहिल्या, साकव कधी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवड्याने कार्यालयात जाऊन फाइल बघितली, तर प्रमाच झालेली नव्हती. पलीकडच्या काठाची दोन गुंठे जागा एका खाजगी माणसाची, त्याचं संमतीपत्र नाही, म्हणून फाइल तिथेच. तो माणूस मुंबईत नोकरीला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं! पुढच्या गणपतीत आला, मी घरी गेलो, त्याने चहा व्हायच्या आत सही केली. दोन वर्षं एका सहीसाठी गेली. 'जागामालकाच्या संमतीसाठी काम थांबलं आहे' एवढी ओळ कुठे छापून आली असती तर तो स्वतःहून आला असता. म्हणून सांगतो, झालेलं लिहा, पण अडलेलं आधी लिहा. कशाने अडलं आणि कोणी काय करायला हवं, तेही.

आणि वाचकांना हेही सांगा की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. २०१८ पासून शासनाच्या तशा सूचना आहेत. माहिती अधिकारात अर्ज टाकून ३० दिवस थांबण्याआधी एक सोमवार जाऊन यावं. बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

डोंबिवलीकर:

भाऊसाहेब, तुमच्या गोष्टीतला तो मुंबईचा माणूस मी नाही, पण असू शकलो असतो. आमचीही जागा गावच्या रस्त्याला लागून आहे. गावात काय चाललंय ते आम्हाला फ्लेक्सच्या फोटोंवरून कळतं, आणि तो फोटो येतो कार्यक्रम संपल्यावर.

ताई, माझं एकच मागणं. वार्तेत 'पुढच्या महिन्यात' असा भाग घाला आणि तो सगळ्यात वर ठेवा. ग्रामसभा कुठल्या तारखेला, दाखल्यांचं शिबिर कुठल्या गावात, आमदार जनता दरबाराला कुठे बसणार. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफी असते, पण त्यासाठी पास आधी पोलिसांकडून नाहीतर आरटीओतून घ्यावा लागतो. एका वर्षी मला ते कळलं तेव्हा मी पेणच्या पुढे पोचलो होतो. आई-वडील दोघंच गावी असतात. पुढच्या शनिवारी शिबिर आहे हे मला आधी कळलं तर मी रजा टाकून त्यांना घेऊन जाईन. झालेल्या शिबिराचा फोटो बघून मी काय करू?

दाखलेवाली:

तालुक्याच्या गावी माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. आजींसारखी माणसं माझ्याकडे रोज येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. केवायसी वेगळं, आणि सरकारी पैसे येण्यासाठी आधार जोडणं, म्हणजे सीडिंग, वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं. शेवटचं ज्या बँकेत केलं तिकडे पैसे जातात. मग ती निराधार असो, लाडकी बहीण असो, नाहीतर पीएम किसान. घरातल्या कोणी कुठे नवीन खातं उघडून दिलं आणि फॉर्मवर सही घेतली, की पैशाची वाट बदलते आणि म्हाताऱ्या माणसाला पत्ता लागत नाही.

आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये दिसतं. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. आणि इथेच गाडी अडते. नंबर असतो कधीच बंद पडलेल्या सिमचा. काजूच्या कारखान्यात जन्मभर बिया सोललेल्या बायकांच्या बोटांचे तर ठसेच उठत नाहीत. काजूच्या टरफलातल्या डिकाने बोटांची कातडी गुळगुळीत होते. मी त्यांची बोटं ओल्या फडक्याने पुसून, चोळून चार-चार वेळा मशीनवर ठेवते. तरी नाही उठलं तर डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन होतं, पण ते मशीन सगळीकडे नाही. कुठे आहे ते वार्तेत छापा. डोंगरातून उतरून येणाऱ्या बाईची एक खेप वाचेल.

आणखी एक. दाखल्याचा अर्ज दिला की पावती मागून घ्या, हे दर महिन्याला लिहा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि मुदतीत दाखला नाही मिळाला तर अपील करता येतं. पावतीच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार? 'पैसे आले नाहीत? आधी हे बघा' अशी चौकट लागली तर मी मजकूर लिहून पाठवते.

एलएलबी तिसरं वर्ष:

वरच्यांशी सहमत आहे, पण एक राहतंय. दिवाबत्ती, गटार ही ग्रामपंचायतीची कामं. आमदाराला आपण आधी विधानसभेत बसायला निवडून दिलंय, २८८ जणांत एक म्हणून. वार्तेत 'प्रश्न मांडला' एवढंच असतं. तो तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न होता, लक्षवेधी सूचना होती की औचित्याचा मुद्दा? मंत्र्यांनी उत्तर काय दिलं, आणि त्यात आश्वासन होतं का? सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. उत्तराचे शब्द जसेच्या तसे छापा, म्हणजे पुढच्या अधिवेशनाला लोकच विचारतील त्याचं काय झालं. कुठल्या विधेयकावर आमदार काय बोलले हेही मला वाचायला आवडेल. आजवर एकाही वार्तेत ते पाहिलेलं नाही.

संपर्क कार्यालयातली:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून नवा मसुदा केला. पहिल्या पानावर वर 'पुढच्या महिन्यात', खाली दाखलेवाली ताईंची चौकट. मजकूर आला, ताई. तो मोठ्या अक्षरात घेतलाय. एलएलबी दादा, पावसाळी अधिवेशनातल्या दोन प्रश्नांची उत्तरं शब्दशः काढली. एकात 'लवकरच कार्यवाही करण्यात येईल' एवढंच आहे. ते तसंच ठेवलंय.

दुसऱ्या पानावर कामांचा तक्ता. गाव, काम, हेड, टप्पा, कशासाठी थांबलं. तो भरताना मला १७ ठिकाणी फोन करावे लागले. तीन वर्षं मी या कामांबद्दल लिहीत होते आणि त्यातल्या निम्म्यांचा टप्पा मला ठाऊक नव्हता.

साकवाची ओळ अशी आहे: 'जिल्हा वार्षिक योजना. अंदाजपत्रक तयार. प्रमा बाकी. पलीकडच्या काठाच्या जागेचं संमतीपत्र मिळालेलं नाही.' भाऊसाहेब, हुबेहूब तुमच्या गावासारखं निघालं. इथे मालक तीन भाऊ आहेत, दोन ठाण्याला आणि एक गावातच.

काल मसुदा साहेबांपुढे ठेवला. पहिलं पान भराभर वाचलं, तक्त्याशी थांबले. साकवाच्या ओळीवर पेन ठेवून म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं नाही." माझ्यासमोरच अभियंत्यांना फोन लावला, मग गावातल्या भावाला. रविवारी ते स्वतः त्याच्या घरी जाणार आहेत. ती ओळ काढायला सांगतील अशी मला भीती होती. नाही सांगितलं.

आजींना दुसऱ्या बँकेत मी घेऊन गेले. पैसे काढून झाल्यावर त्यांनी दोन्ही पासबुकं माझ्यापुढे धरली आणि पैसे येणारं कुठलं, त्यावर खूण करायला सांगितली. मी त्याला लाल दोरा बांधून दिला. वार्ता १ तारखेला जाईल. उपस्थितांची नावं या वेळी घेतलेली नाहीत.